माल कोणी वाहायचा

रामनवमीच्या आदल्या रात्री पोहरादेवीच्या रस्त्यावर उभं राहिलं की गाड्यांचे नंबर वाचण्यातच तास निघून जातो. यवतमाळ, नांदेड, जालना लगेच ओळखू येतात. मग तेलंगणाच्या, कर्नाटकाच्या, आंध्राच्या पाट्या लागतात. टेम्पो, क्रूझर, ट्रॅक्टर, भाड्याच्या बस. माणसं उतरतात, झोपलेली पोरं खांद्यावर टाकतात आणि सेवालाल महाराजांच्या समाधीकडे चालू लागतात. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातलं हे गाव म्हणजे देशभरच्या बंजारा समाजाची काशी. गावाला रेल्वे नाही. समुद्र तर सरळ रेषेत मोजला तरी पाचशे किलोमीटर लांब.

या पुस्तकाचा विषय मात्र समुद्राकडचा आहे. एका बंदरातून त्याच देशाच्या दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर तो कोणाच्या जहाजानं न्यायचा, यावर बहुतेक देशांनी कायद्यानं बंधनं घातली आहेत. त्या बंधनांचा इंधनाच्या भावाशी आणि त्या भावाचा बाकीच्या व्यवहाराशी काय संबंध लागतो, हे पुढच्या प्रकरणांत येईल. वाचकानं बंदरावर जाण्याआधी एकदा पोहरादेवीला यावं, असं मला वाटतं. वाहतूक हाच ज्यांचा धर्म, संसार आणि पत्ता होता, अशा लोकांचं हे ठिकाण आहे. वाहतुकीचे नियम बदलले की वाहणाऱ्याचं काय होतं आणि वाटेच्या शेवटच्या टोकाला भावाचं काय होतं, या दोन्ही गोष्टी त्यांच्या इतिहासात एकत्र दिसतात. पुस्तकांत त्या सहसा वेगवेगळ्या कप्प्यांत मिळतात.

लदेणी हा शब्द बंजारा घरांत अजून ऐकू येतो, जरी लदेणीवर जाणारी माणसं कधीच गेली. लमाण हे नाव लवणावरून, म्हणजे मिठावरून आलं असं मानतात. किनाऱ्याचं मीठ बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर आणायचं आणि देशावरचं धान्य, कापूस घेऊन उतरायचं. गाडी नाही, चाक नाही. बैलाच्या पाठीवरून दोन्ही अंगांना लोंबणारी गोणी, पुढे नायक, मागे अख्खा तांडा, बायकापोरांसकट. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाला १६३२ मध्ये उत्तरेत एक तांडा भेटला, त्यात १४ हजार बैल होते आणि सगळ्यांवर धान्य लादलेलं होतं. फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये यानं तर लिहून ठेवलंय की या लोकांचे चार वर्ग आहेत आणि प्रत्येकाचा माल ठरलेला आहे : एकाचं धान्य, एकाचा तांदूळ, एकाची डाळ, एकाचं मीठ.

मंडीनं आणखी एक गोष्ट टिपली आहे, ती मला त्या १४ हजारांहून महत्त्वाची वाटते. तांडा दिवसाला फार तर सहा-सात मैल चालतो. इतका सावकाश का? बैल चरत चरत चालायचे म्हणून. चारा विकत घ्यावा लागला असता तर पन्नास कोसांवर पोचेपर्यंत बैलांनी पाठीवरच्या धान्याची अर्धी किंमत खाऊन टाकली असती. गवत फुकट होतं, म्हणून जड आणि स्वस्त माल इतक्या लांब नेणं परवडत होतं. घोड्यावर, उंटावर रेशीम जाईल, नीळ जाईल. ज्वारी आणि मीठ जायचं ते बैलाच्याच पाठीवर. लदेणीचं डिझेल म्हणजे वाटेवरचं गवत, हे एकदा लक्षात आलं की बाकीचा इतिहास वेगळा दिसू लागतो.

शहाजहानच्या काळात दक्षिणेच्या स्वारीवर आलेल्या आसफखानानं भंगी आणि जंगी या नायकांना ताम्रपट दिला, अशी परंपरा आहे. एक लाख ऐंशी हजार बैलांचे हे धनी. ताम्रपटाची गोष्ट सांगताना लोक खून माफ असल्याचा भाग रंगवून सांगतात. त्याच ताम्रपटातल्या दोन साध्या सवलतींकडे कोणी फारसं बघत नाही. पाणी मिळालं नाही तर घरच्या रांजणातलं घ्यावं आणि चारा मिळाला नाही तर छपराचं गवत ओढावं. फौजेला दाणागोटा हवा असेल तर दाणे वाहणाऱ्या बैलाच्या पोटाची सोय राज्यानं केली पाहिजे, हे त्या सरदाराला पक्कं ठाऊक होतं. मी याला इंधनाचं धोरण म्हणतो. पुढे १८०३ मध्ये वेल्स्लीची इंग्रज फौज वऱ्हाडात उतरली, नोव्हेंबरात अडगावला आणि डिसेंबरात गाविलगडाला लढली, तेव्हाही तिचा दाणागोटा बंजाऱ्यांच्याच बैलांवर होता.

मग हा धंदा मोडला कसा? रेल्वे आली आणि तांडे बसले, असं एका वाक्यात सांगायची पद्धत आहे. रेल्वेनं मोठा घाव घातला यात शंका नाही. १८६७ मध्ये मुंबईची गाडी अकोल्यावरून नागपूरला पोचली आणि लांब पल्ल्याची लदेणी तिनं खाल्ली. पण गाडी स्टेशनापर्यंतच येते. पोहरादेवीसारख्या शेकडो गावांना आजही स्टेशन नाही. स्टेशनापासून गावापर्यंतच्या वाटेवर बैलाला काम उरायला हवं होतं. ते उरलं नाही, कारण गवत बंद झालं. जंगलं राखीव झाली, चराईला पास आणि फी लागली, गायरानं नांगराखाली गेली. त्याआधीच उत्तरेच्या अंगाला मिठाची नाकेबंदी होऊन बसली होती. सिंधू नदीपासून बऱ्हाणपुराकडून पुढे थेट महानदीपर्यंत इंग्रजांनी जकातीची रेघ ओढली होती. कित्येक ठिकाणी काटेरी झुडपांचं जिवंत कुंपण, सुमारे २,३०० मैलांची लांबी आणि पहाऱ्याला बारा हजारांच्या आसपास माणसं. रेघेच्या एका अंगाला मिठाचा एक भाव, दुसऱ्या अंगाला वेगळाच. १८७९ मध्ये ती रेघ पुसली गेली, तोवर मिठाच्या वाटा तुटून गेल्या होत्या. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा यात भर घालायला होताच. आयुष्यभर हिंडणं हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांच्या हिंडण्यावरच संशय घेण्याचा अधिकार पोलिसांना मिळाला. तो कायदा रद्द व्हायला १९५२ साल उजाडलं.

हे मी इतकं रेंगाळून सांगतो आहे त्याला कारण आहे. वाहतुकीवरच्या बंधनांबद्दल बोलताना अर्थशास्त्राचे लोक लगेच ग्राहकाच्या खिशाकडे वळतात. बंधन घातलं की स्पर्धा घटते, स्पर्धा घटली की भाडं वाढतं, भाडं वाढलं की भाव वाढतो. हिशेब बरोबर आहे. फक्त त्यात वाहणारा माणूस नसतो. एकदा मोडलेला वाहणारा परत उभा राहत नाही, आणि तो गेल्यावर भाडं ठरवणारा दुसराच कोणीतरी असतो, हे त्या हिशेबात धरलेलं नसतं.

समुद्रावर हेच घडत होतं. ५ एप्रिल १९१९ रोजी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीचं 'लॉयल्टी' हे जहाज मुंबईहून लंडनला निघालं. ते जहाज ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडून घेतलेलं, म्हणून कंपनीचं नाव सिंदिया. मागे उभ्या असलेल्या मंडळींत सोलापूरचे वालचंद हिराचंद होते, नरोत्तम मोरारजी होते. देशाचा राष्ट्रीय सागरी दिन आपण आजही ५ एप्रिललाच पाळतो. त्या उत्सवात मागे पडते ती पुढची हकिगत. हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची वाहतूक तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या मुठीत होती. नवी देशी कंपनी उतरली की तिच्या वाटेवरची भाडी पाडायची, ती मोडली की पुन्हा चढवायची, हा त्यांचा जुना डाव. १९०६ मध्ये तुतिकोरिनला चिदंबरम पिळ्ळै यांनी स्वदेशी कंपनी काढली, तिच्यावरही तो चालला होता. सिंदिया टिकली, पण १९२३ मध्ये तिला करार करावा लागला आणि किती जहाजं चालवायची याची मर्यादा मान्य करावी लागली.

भाडी पडली तेव्हा ग्राहकाला माल स्वस्तच मिळाला असणार. कोणी त्या दोन-तीन वर्षांचे भाव काढून स्पर्धेचा जय म्हणून दाखवू शकेल. पण स्पर्धक बुडेपर्यंतच टिकणारी स्वस्ताई ही पुढच्या महागाईची आगाऊ रक्कम असते, हे तेव्हाच्या पुढाऱ्यांना कळत होतं. म्हणून १९२८ मध्ये साराभाई नेमचंद हाजी यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक आणलं की हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवा. ते तडीस गेलं नाही. उलट १९३५ च्या कायद्यात ब्रिटिश जहाजांना वेगळी वागणूक देता येणार नाही, असं कलम आलं. स्वातंत्र्याच्या वर्षी सी. पी. रामस्वामी अय्यर यांच्या समितीनं किनारी व्यापार पूर्णपणे आपल्या जहाजांना द्यावा असं सांगितलं, आणि पन्नाशीच्या सुरुवातीला ते झालं. १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्याच्या ४०७ व्या कलमात ते पक्कं झालं : परदेशी जहाजाला आपल्या दोन बंदरांत माल न्यायचा तर मुंबईच्या नौवहन महासंचालकांचा परवाना हवा.

हाजींच्या बाजूनं मी उभा आहे, हे इथंच सांगून टाकतो. तेव्हाच्या परिस्थितीत तोच एक मार्ग होता. मात्र वाहणाऱ्याला आसरा देणारा कायदा वाटेच्या शेवटच्या टोकाला जाऊन तपासावा लागतो. तसा न तपासता शंभर वर्षं ठेवला की काय होतं, हे पाहायचं असेल तर अमेरिकेकडे पाहावं. या पुस्तकाची दोन प्रकरणं तिथलीच आहेत.

५ जून १९२० ला अमेरिकेत व्यापारी नौकानयनाचा जो कायदा झाला, त्याचं २७ वं कलम सिनेटर जोन्स यांच्या नावानं ओळखलं जातं. अमेरिकेच्या एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल न्यायचा तर जहाज अमेरिकन मालकीचं, अमेरिकन झेंड्याचं, बहुतांश अमेरिकन खलाशांचं हवं, आणि बांधलेलंही अमेरिकेतच हवं. माझ्या मते खरी मेख या शेवटच्या अटीत आहे. तिथल्या गोद्यांत तेलाचं जहाज बांधायला कोरियातल्या जहाजाच्या कित्येक पट खर्च येतो, म्हणून जहाजं थोडी बांधली जातात, आणि थोडी म्हणून त्यांचं भाडं आणखी चढतं. टेक्सासच्या किनाऱ्यावर तेल शुद्ध होतं, पण ते आपल्याच देशाच्या ईशान्य किनाऱ्यावर नेण्यापेक्षा परदेशातून मागवणं कित्येकदा स्वस्त पडतं. हवाई बेटांची रिफायनरी २०२२ पर्यंत रशियाचं कच्चं तेल घेत होती. त्याहून बोलकी गोष्ट जानेवारी २०१८ ची आहे. अमेरिका तोवर लुइझियानातून द्रवरूप वायू जगाला विकू लागली होती. त्या कडाक्याच्या थंडीत बोस्टनच्या लोकांच्या शेगडीसाठी मात्र युरोपातून जहाज आलं, आणि त्यातला काही वायू रशियातल्या यमालचा होता. देशातला वायू देशातच नेऊ शकेल असं, त्या कायद्यात बसणारं वायूवाहू जहाज त्यांच्याकडे एकही नव्हतं. प्वेर्तो रिको बेटाला २०१७ मध्ये मारिया वादळानं झोडपलं, तेव्हा सरकारनं दहा दिवसांपुरता हा कायदा बाजूला ठेवला. संकटात बाजूला ठेवावा लागणारा नियम एरवी त्या बेटावर काय ओझं टाकत असेल, हे त्या दहा दिवसांनीच सांगितलं.

आपला कायदा इतका कडक कधीच नव्हता. जहाज आपल्याच देशात बांधलेलं असावं, अशी सक्ती तो करत नाही. भारतीय जहाज मिळत नसेल तर परवाना घेऊन परदेशी जहाज आणता येतं. परदेशी जहाजाचं भाडं सगळ्यांत कमी निघालं तर त्याच भाड्यात काम करण्याची पहिली संधी भारतीय जहाजाला असते. पहिला हक्क द्यावा, एकट्याचा हक्क देऊ नये, ही त्यातली वाट मला शहाणपणाची वाटते. २०१८ मध्ये आयात-निर्यातीच्या कंटेनरांसाठी दार आणखी उघडलं, आणि २०२५ मध्ये किनारी नौवहनाचा स्वतंत्र कायदा संसदेनं केला. परदेशी जहाजांना परवाना त्यातही लागतोच. त्याची बारीक चर्चा शेवटच्या प्रकरणांत आहे.

आता मानोऱ्याच्या पेट्रोलपंपावर येऊ.

इथल्या लिटरभर डिझेलच्या भावात किनारी जहाजाचा वाटा किती, असं कोणी विचारलं तर उत्तर आहे, फारच थोडा. मुंबई हायचं तेल १९७६ मध्ये निघू लागलं तेव्हा ते सुरुवातीला जहाजानं आणत. दोनच वर्षांत समुद्राखालून नळ आला आणि जहाजाचं काम संपलं. ट्रॉम्ब्यात शुद्ध झालेलं तेल मनमाडकडे नळानंच जातं. गोव्यासारख्या ठिकाणी मुरगावात तेल जहाजानं उतरतं, तिथं किनाऱ्याच्या भाड्याला महत्त्व आहे. वऱ्हाडात अकोल्याजवळ गायगावला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथवर रेल्वे, पुढे टँकर. भावाचा मोठा हिस्सा केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा कर खातो. हे सगळं खरं असलं तरी एक जहाज या भावात दडलेलं आहेच. रंगराजन समितीच्या शिफारशीवरून २००६ पासून रिफायनरीच्या दारातली किंमत ठरवताना ऐंशी टक्के आयातीचा आणि वीस टक्के निर्यातीचा भाव धरायची पद्धत आली. म्हणजे डिझेल ट्रॉम्ब्यात तयार झालं तरी ते आखाती देशातून जहाजानं आणलं असतं तर किती पडलं असतं, भाडं आणि विम्यासकट, असा हिशेब धरायचा. पुढे २०१० मध्ये पेट्रोलचे आणि २०१४ मध्ये डिझेलचे दर खुले झाले, तरी हिशेबाचा पाया हाच राहिला. आखातात भाडी चढली की न झालेल्या सफरीचं वाढीव भाडं मानोऱ्यातला सोयाबीनवाला भरतो.

जमिनीवरची वाट तर उघड दिसते. परभणीचं पेट्रोल राज्यात सगळ्यांत महाग, ही बातमी आपण कितीदा वाचली. कारण एकच : तीनशेहून अधिक किलोमीटरवरच्या मनमाडच्या पानेवाडी डेपोतून येणारा टँकर. जो गरीब तो लांब, आणि जो लांब त्याला महाग. पोलाद आणि कोळशासाठी एकेकाळी सरकारनं देशभर भाडं सारखं केलं होतं. त्यानं लांबच्यांना दिलासा मिळाला, पण बिहारसारख्या खाणीच्या मुलखाचा नैसर्गिक फायदा गेला, आणि अखेर ते गुंडाळावं लागलं. इंधनाची गोष्ट निराळी आहे, असं माझं मत आहे. पोलाद घ्यायला कारखाना जवळ जाऊ शकतो. शेत डेपोजवळ सरकत नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी राज्याच्या आतल्या भाड्याची फेरमांडणी जाहीर केली आणि डेपोपासून लांब असलेल्या ठिकाणांचे दर उतरवायला सुरुवात केली. हे आधीच व्हायला हवं होतं.

डिझेलचा भाव पंपावर थांबत नाही. तो वाढला की नांगरटीचा एकरी दर त्याच हंगामात वाढतो. डिझेल उतरल्यावर नांगरटीचा दर उतरलेला मी तरी पाहिलेला नाही. मळणी, बाजार समितीपर्यंतचा टेम्पो, तांड्यावरून ऊसतोडीला जाणारा ट्रक, सगळ्यांची हीच तऱ्हा. अर्थव्यवस्थेवरचा परिणाम म्हणून पुढे जे तक्ते येतील, ते वाचताना हा एकरी दर मनात असू द्यावा.

शेवटी एका माणसाबद्दल. माझ्या ओळखीचा एक जण दिग्रसच्या बाजूच्या तांड्यावरचा आहे, गायगावचा टँकर चालवतो. पणजा लदेणीवर होता, एवढंच त्याला ठाऊक. या विषयावर लिहायचं ठरलं तेव्हा मी त्याला विचारलं, तुझ्या धंद्यात सगळ्यांत मोठा तोटा कशाचा? मला वाटलं तो टोलचं, रात्रीच्या जागरणाचं काहीतरी सांगेल. तो म्हणाला, "काका, येताना भरलेला, जाताना रिकामा. टँकरमध्ये दुसरं काय भरणार? रिकाम्याचंही डिझेल जळतंच." नंतर किनारी जहाजांचे हिशेब वाचताना मला त्याची आठवण पुन्हा पुन्हा झाली, कारण किनाऱ्यावरच्या जहाजांचं दुखणंही नेमकं हेच आहे : एका दिशेला माल मिळतो, परतीला मिळत नाही, आणि दोन्ही फेऱ्यांचं भाडं एकाच मालावर बसतं. त्याच्या पणज्याचा तांडा चढताना मीठ आणि उतरताना धान्य घेऊन जायचा, हे मी त्याला सांगितलं. त्यानं ते दोनदा विचारून घेतलं. कोणतं मीठ, कुठून, किती बैल.

गेल्या रामनवमीला तो पोहरादेवीच्या वाटेवरच्या पंपावर भेटला. टँकर रिकामा करून झाला होता. यात्रेच्या गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत आली होती, तेलंगणाची एक बस पुढे घ्यायला त्यानं हातानं जागा करून दिली, गाडी पुसली, समाधीच्या दिशेनं हात जोडले आणि रिकामा टँकर घेऊन गायगावला निघाला.